घराखालची माणसं

वादळ फिलिपिन्समधल्या सामार बेटाच्या किनाऱ्याला धडकायला पाच तास होते. शहरातल्या कचेरीत बसून क्रिसांतोने डेटाबेसमधून आपल्या गावाची यादी काढून पाठवली. प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली त्याच्या घरातली माणसं, पंखाखाली पिलं असावीत तशी. माणसांना सुरक्षित जागी हलवायला त्या यादीवरूनच ट्रक घरोघर फिरणार होते.

तासाभराने गावच्या कप्तानबाईंचा, म्हणजे गावप्रमुखांचा, फोन आला. "शाब्बास रे पोरा! माझ्या कारकुनांपेक्षा तुझा कॉम्प्युटर बरा. यादीतलं एकही घर सुटलं नाही. ट्रक माणसं घेऊन निघालेसुद्धा."

"आणि आई? तिला बसवलंत ना?"

"तुझी आई? तिचं नाव कुठंय यादीत? मला वाटलं, तूच घेऊन गेलास तिला."

क्रिसांतो यादी वरखाली करत राहिला. डेटाबेसकडे यादी मागताना त्याने लिहिलं होतं, कुटुंबप्रमुख आणि त्यांच्याखालची माणसं. ज्या प्रमुखांच्या नावाखाली कुणीच नाही, त्यांची घरं डेटाबेसने मुकाट्याने गाळली होती.



आईच्या नावाखाली आधी एकच नाव होतं. शहरात खोली घेतल्यावर, गेल्याच महिन्यात, क्रिसांतोने ते स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.