नंदाखालच्या वाडीतली वाट

तलाठ्याने मोजणीची टेप गुंडाळली आणि विचारलं, “या वाटेने हल्ली कोणी येतं-जातं का?”

“कोण येणार?” कॉन्रॅड हसला. “सगळे रिक्षाने जातात. एक मुकी बाई तेवढी येते, निर्मळच्या देवळात जायला. ही बघा, आलीच.”

विनया बांबूच्या फाटकाशी थबकली. पाय अनवाणी, ओठ मिटलेले. फाटकाच्या आत कॉन्रॅडची आई, फ्लॉसी, खुर्चीवर बसून मांडीवरची फुलं निवडत होती. आज तिने मान वर केली नाही.

विनया मुकी नव्हती.

नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि आगाशीचं दोन खोल्यांचं घर एकाएकी मोठं झालं. तेव्हा तिने नेम धरला. रोज सकाळी निर्मळला पायी जायचं आणि महादेवाचं दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नेम काही कठीण नव्हता. घरात तरी बोलायला कोण होतं?

वाट जुनी होती. आगाशीहून निघून नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांमधून ती निर्मळकडे जायची. एकेकाळी देवळाला जाणारे, चर्चला जाणारे, डोक्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, सगळे हिच्यावरून जायचे आणि कडेला सरून एकमेकांना जागा द्यायचे. आता विनयाला जागा द्यावी लागेल असं समोरून कोणी येत नव्हतं. वाट फ्लॉसीच्या अंगणातूनच पुढे जायची, म्हणून निदान तिथे एक माणूस भेटायचं.

पहिल्या दिवशी फ्लॉसीने नाव विचारलं. विनयाने हात जोडले आणि ती पुढे गेली. “अगो बाय, मुकी आहे वाटतं,” पाठीमागून आवाज आला. येताना सांगू, असं विनयाने ठरवलं. पण गुडघे बोलायला लागले आणि ती हमरस्त्याने रिक्षाने परतली.

दुसऱ्या सकाळी फ्लॉसी फाटकाशीच उभी होती. ओंजळभर तगर पुढे करून म्हणाली, “घे, तुझ्या देवाला.” मग बोलतच राहिली. नवरा गेला तेव्हा चर्चमध्ये तिला रडूच आलं नव्हतं. लोक काय काय बोलले. ती घरी येऊन त्याचा शर्ट धुवायला बसली, तेव्हा कुठे बांध फुटला. “तुला सांगायला बरं वाटतं, बाय. तू कुठे जाऊन बोलणार?”

एवढं ऐकल्यावर खरं सांगायचं कसं? चोरून ऐकल्यासारखंच झालं होतं. विनया देवापुढे रोज क्षमा मागायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा फाटकाशी उभी राहायची. दिवसभरात कोणी तिच्याशी आपलं म्हणून बोलायचं, ते तेवढंच.

अलीकडे फ्लॉसीचं एकच चाललं होतं. कॉन्रॅड वाडी विकतोय. मला बोरिवलीला नेतोय. “तिथे सातव्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं हाकू? पण पोरगं मायेने करतंय गं. त्याला नाही कसं म्हणायचं?”

गिऱ्हाइकाला जमिनीच्या मधून वाट नको होती. आणि वाट चालती असेल तर ती बुजवता येत नव्हती. म्हणून आज तलाठी आला होता.

“बाई, तुम्ही रोज येता इथून?” त्याने विचारलं.

“ती काय सांगणार, भाऊसाहेब,” कॉन्रॅड म्हणाला. “लिहून टाका, वाट बंद आहे. मम्मीचं पण तेच म्हणणं आहे. हो ना, मम्मी?”

फ्लॉसीची बोटं फुलांत थांबली. मान खालीच राहिली.

देऊळ अजून लांब होतं. विनयाने त्या दिशेला एकदा पाहिलं आणि मनातल्या मनात हात जोडले.

“मी रोज येते,” ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. मग ती कॉन्रॅडकडे वळली. “आणि यांना बोरिवलीला जायचं नाहीये. वाडीही विकायची नाहीये. तू दुखावशील म्हणून गप्प बसल्यात, आणि त्या गप्प बसण्यालाच तू हो समजलास.”

कॉन्रॅड आईकडे वळला. “मम्मी, ही बोलते! इतकी वर्षं फसवलं हिने तुला!”

नेम मोडला होता. त्याहून मोठं काहीतरी मोडलं होतं. उद्यापासून या फाटकाशी कोणी उभं राहणार नव्हतं.

“मावशी, माफ करा,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

फ्लॉसी उठली. मांडीवरची फुलं खाली सांडली. ती सावकाश फाटकापाशी आली आणि विनयाच्या शेजारी, मुलाकडे तोंड करून उभी राहिली.

“मला कोण फसवतंय?” ती म्हणाली. “गेल्या वर्षीच निर्मळच्या जत्रेत सुकेळीच्या भावावरून दुकानदाराशी भांडताना ऐकलंय मी हिला. काय खणखणीत आवाज होता!”

विनयाने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“ठाऊक होतं तुला?” कॉन्रॅडचा आवाज चढला. “तरी घरातलं सगळं हिला सांगत बसलीस?”

“तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नव्हतं रे,” फ्लॉसी म्हणाली. “म्हटलं, हिला रोज सांगत राहिले, तर एखाद्या दिवशी ही तरी तुला सांगेल.”