माफी

मावुसी एलिकेमच्या मागासमोरून गेली, तेव्हा तिच्या कमरेला त्यानंच विणलेलं कापड होतं. निळं, त्यावर पिवळे पक्षी. एलिकेमनं मान वर केली, “बरी आहेस ना?” एवढं विचारलं आणि पुन्हा धोटा टाकायला लागला.

तिच्या मागोमाग शाळेचे मास्तर आले. त्यांना पाहताच एलिकेम मागावरूनच ओरडला, “मास्तर, कापडाचे चाळीस सेडी! तुमच्या पोराचं बारसं होऊन पोरगं चालायलासुद्धा लागलं!”

बाजारात जाणारी माणसं हसली. मास्तर छत्रीआड तोंड लपवून निघून गेले.

छपरीत बसून विणलेल्या पट्ट्या शिवून जोडत असलेल्या त्याच्या बायकोला, जिफाला, मात्र हसू आलं नाही. मास्तरांचे चाळीस आणि मावुसीचे आठशे. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला म्हणून तिनं ते कापड उधार नेलं होतं, त्याला आता सहा महिने झाले होते. एलिकेम पैशासाठी लोकांच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसायचा. एकदा तर चर्चच्या दारात पाद्र्यालाच अडवलं होतं त्यानं. आणि या बाईला विचारतो काय, तर बरी आहेस ना!

“मावुसीकडे कधी मागणार आहेस?” तिनं विचारलं.

“देईल की.”

“देईल की?” जिफानं सुई कापडात खुपसली. “हे दोन शब्द तुझ्या तोंडून मी आजवर ऐकले नव्हते.”

एलिकेम विणत राहिला. जिफा उठली, डोक्याला फडकं बांधलं आणि तडक मावुसीच्या घरी गेली.

मावुसी अंगणात वाळत टाकलेली मासळी उलथत होती. शेजारची म्हातारी आत्या दारात कांदे निवडत बसली होती. मावुसीनं आधी पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं. घरच्यांची चौकशी झाली, कोंबड्यांचीही झाली. मग जिफा म्हणाली, “मी कापडाच्या पैशासाठी आले.”

“आहेत ना,” मावुसी म्हणाली. तिनं कमरेची गाठ सोडून पुरचुंडी दाखवली. नोटा घडी घालून अगदी नीट ठेवलेल्या होत्या. घड्या जुन्या दिसत होत्या. “केव्हाचे काढून ठेवलेत.”

जिफानं हात पुढे केला. मावुसीनं पुरचुंडी परत कमरेला खोचली.

“राग मानू नकोस बाई. पण ज्यानं कापड दिलं, त्याच्याच हातात देईन. एलिकेमला सांग, संध्याकाळी येऊन माग म्हणावं.”

सगळं गाव त्याला एलिकेमदादा म्हणायचं; ही नुसतं एलिकेम म्हणाली.

जिफाची कानशिलं एकदम तापली. ही गाठ तिला ओळखीची होती. लग्नाआधी तिनंही एलिकेमकडून कापड उधार घेतलं होतं. दुसऱ्या दिवशीच पैसे तिच्याकडे आले होते, तरी दहा संध्याकाळी ती त्याला ‘उद्या ये’ म्हणत राहिली. अकराव्या संध्याकाळी तो पैसे मागायचं विसरूनच गेला होता. ही गोष्ट तिनं सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितली नव्हती.

“उद्या आला तरी चालेल,” मावुसी म्हणाली. “मला घाई नाही.”

जिफा उठून उभी राहिली. “आत्या,” ती म्हातारीला म्हणाली, “नीट ऐका. कुणी विचारलं तर सांगा. मावुसीकडून आमचं काही येणं नाही. सगळं माफ केलं.”

म्हातारीच्या हातातला कांदा खाली पडला. “आठशे सेडी?”

“आठशे.”

“अगं, पण असं कसं?” मावुसी पुढे झाली. तिनं घाईघाईनं पुरचुंडी काढली, जिफाच्या मुठीत कोंबायला लागली. “घे. तूच घे. मी काय भिकारीण आहे?”

“विधवा बाईचे घेतले तर लोक काय म्हणतील?” जिफानं मूठ घट्ट मिटून घेतली. “आता कुणीही मागायला येणार नाही. निवांत राहा.”

मावुसी फाटकापर्यंत धावत आली. नोटा हातात तशाच धरून उभी राहिली. जिफानं मागं वळून पाहिलं नाही. वाटेवर तिची पावलं हलकी पडत होती. माडांच्या रांगेपर्यंत आली तेव्हा तिला कळलं, की दोन महिन्यांची कमाई आपण त्या अंगणात सोडून आलो. आता घरी आकांत होणार. होऊ दे. एलिकेमनं आरडाओरडा करावा, दोन दिवस जेवू नये, गावभर बोंबलत फिरावं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

एलिकेम अजून मागावरच होता.

“मावुसीचे पैसे मी माफ केले,” ती समोर उभी राहून म्हणाली. “सगळे. आत्याच्या देखत.”

त्याच्या पायाची बोटं माग चालवायच्या दोरीत अडकवलेली होती, ती तशीच थांबली. त्यानं एक लांब श्वास सोडला.

“बरं केलंस,” तो म्हणाला.

“बरं केलं? आठशे सेडी गेले! ओरड की!”

“गेले तर गेले. सुटलो एकदाचा.” तो दोरे सारखे करायला लागला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. “आता आईकडे सरळ वाटेनं जाता येईल. तिच्या दारावरून जायला नको म्हणून सहा महिने खाजणाकडून वळसा घालून जातोय मी. चिखल तुडवत.”

जिफा हसणारच होती. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

“रोज तिचं दार टाळत होतास?” तिनं विचारलं.

एलिकेमनं धोटा उचलला, पण टाकला नाही.

“रोज, एलिकेम?”