माऊ

‘पोरीला वेळेत आई म्हणायला शिकव गं. एकदा तोंडात बसलं की बसलं,’ शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं. चिमुरडी तिला माऊ म्हणायची आणि तिला ते ऐकायला गोड वाटायचं.

आता व्हिसाची मुलाखत तोंडावर आली होती आणि पोर काही केल्या माऊ सोडेना.

‘आई म्हण. आ-ई.’ तो बिस्कीट पुढे धरून लेकीसमोर उकिडवा बसला होता.

‘माऊ!’ म्हणत लेकीनं बिस्कीट हिसकावलं.

‘बापावर गेलीय. घेते, पण ऐकत नाही,’ ती म्हणाली.

तो हसला नाही.

त्याचं नागरिकत्व दूरच्या देशाचं. इथली नोकरी संपत आली होती, तिकडची त्याची वाट बघत होती. मुलीचा पासपोर्टही तिकडचाच. राहता राहिला होता बायकोचा व्हिसा. तो नाकारला गेला तर तो एकट्या मुलीला घेऊन जाणार होता. बुटांच्या नाड्या बांधता बांधता त्यानं तसं सांगूनही टाकलं होतं. पोर आपल्यावाचून कुणाच्या कुशीत झोपेल, या विचारानं ती रात्री उठून तिला जवळ ओढायची.

जेवणाच्या टेबलावर रोज उजळणी चालायची.

‘लग्नात काय घडलं होतं?’

‘पाऊस. मांडव गळत होता. तुमची आत्या खुर्चीवर चढून आचाऱ्यावर ओरडत होती.’

‘छान. अंगठी सैल का झाली?’

‘बाळंतपणानंतर वाळले.’

‘आणि जरा हसून बोल. नवऱ्याबद्दल सांगायचंय, तोंडी परीक्षा नाहीये.’

‘मग तुम्हीही मास्तरांसारखं बघू नका ना!’

पलीकडच्या खोलीत पलंग करकरला. दोघांनीही तिकडे बघितलं. बंद दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. मध्येच तो अडल्यासारखा झाला. दारामागे कुणी येऊन उभं राहावं, तसा.

‘जुनी इमारत आहे,’ तो म्हणाला. ‘पुढचा प्रश्न.’

त्या खोलीत जायची तिला हल्ली धास्ती वाटायची. जावं तर लागायचंच. कपाट तिथंच होतं. मुलाखतीच्या सकाळी ती आत गेली ती पलंगाकडे पाठ करूनच. हँगर वाजू न देता तिनं निळा ड्रेस काढला. पाठीला कुणाची तरी नजर चिकटल्यासारखी वाटत होती. बाहेर येऊन ड्रेस अंगात घातला, तर तो खांद्यांवरून ओघळत होता. त्यावर तिनं ओढणी पिनेनं घट्ट बसवली.

कचेरीत काचेपलीकडे अधिकारी बसला होता. त्याच्या शेजारी दुभाषी बाई, आपल्याच भाषेची, बोलायला मायाळू. पोरीच्या बापाला वेगळं बसवून आधीच सगळं विचारून झालं होतं. आता तो मागच्या खुर्चीवर बसून पाय हलवत होता.

‘नवरा घोरतो का, विचारताहेत,’ बाई म्हणाली.

‘घोरतात? पलीकडच्या खोलीत झोपा, भिंत थरथरते!’

बाई खुदकन हसली. तिनं सांगितल्यावर अधिकारीही हसला. तेवढ्यात मांडीवरची पोर चुळबुळली. ‘माऊ, घली चल.’

दुभाषी बाईचं हसू तसंच राहिलं. ‘माऊ? आमच्याकडे मावशीला माऊ म्हणतात.’

मागे हलणारा पाय थांबला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

‘अगंबाई, हो? आमच्याकडे मांजरीला म्हणतात,’ ती म्हणाली. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा, बाकी अख्खं ताट माऊचं. म्याव केल्याशिवाय महाराणी तोंड उघडत नाहीत.’ तिनं तिथल्या तिथं म्याव करून दाखवलं.

पोर खिदळली. तिच्या गळ्यात हात टाकून तिनं आपला गाल तिच्या गालावर घासला, आणि हनुवटी तिच्या खांद्यात खुपसून तशीच पडून राहिली.

बाई अधिकाऱ्याकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलली. त्यानं मान डोलावली.

‘म्हणताहेत, सुखरूप जा,’ बाईनं सांगितलं. ‘मी म्हटलं, पोटच्या पोरीचं बिलगणं खोटं नसतं.’

घरी येताना तो शीळ घालत होता. ती मात्र दारात पाऊल टाकताना अडखळली. पलीकडची खोली शांत होती, आणि तिला त्या शांततेचीच भीती वाटली.

निघायच्या सकाळी तो बॅगा खाली ठेवून पुन्हा वर आला. ती पलीकडच्या खोलीतून बाहेर येत होती. डोळे लाल होते. कुलूप त्यानंच लावलं, ओढून बघितलं.

टॅक्सीत पोर लगेच झोपली. चौक मागे पडल्यावर तिनं हळूच विचारलं, ‘भाऊजी, ताईजवळ राहायला बाई कधी येणारे?’

‘कुठली बाई?’ तो समोर बघत म्हणाला. ‘आणि ताई कोण आता? पासपोर्ट बघ. ताई तर तूच. घरमालकाला सांगितलंय, आम्ही तिघंही गेलो.’

तिचा हात टॅक्सीच्या दाराच्या कडीवर गेला. पोर झोपेतच तिला आणखी बिलगली. हात कडीवरच राहिला.

वरचा मजला, जिन्यालगतचं दार. ताई आत पलंगावर असेल. लेक झाल्यापासून ती बोलत नाही. तुम्ही हाक माराल, ती ओ देणार नाही. घर रिकामं आहे असं समजून परत फिरू नका. कुणीतरी जा हो. कुलूप तोडा, पण तिला बघून या.