सवतीच्या ओटीत

लेकीला गोवर आला. गोवराची देवी घरात असेपर्यंत भांडू नये, म्हणून सोनाबाईने सवतीवरचा राग आवरला. देवीची बोळवण झाली, पोरीच्या दंडावर निळे डाग दिसले आणि तिने सवतीला, प्रयागबाईला, गाठलं. “माही लेक तुमालेच माय म्हणते, तरी चिमटे काऊन काढता?” तिने पोर ओढून घेतली, दिवसभर कुणाला शिवू दिली नाही. सांजेला पाहते तर पोरीच्या पाठीवर सोनाबाईच्याच बोटांचे निळे ठसे, आणि नाकातून रक्त. तिने हकिमांना बोलावलं. ते म्हणाले, “किसीने नहीं मारा, बीबी. गोवर के बाद चमडी के नीचे खून ऐसा ही रिसता है, हलके हाथ से भी. बस, रोने मत दो, और बहेगा.” पोर तर रडतच होती, दाराआडच्या प्रयागबाईकडे हात पसरून. सोनाबाईने उठून पोर सवतीच्या ओटीत घातली. पोरीचा हुंदका थांबला. सोनाबाई तोंड फिरवून म्हणाली, “घ्या. पन बरी होईस्तोवरच.”