शेजारच्या सीटवरचं वजन

"तो बोल्ट आत्ता कसू नका," सासरे म्हणाले.

जावई गाडीखालून सरपटत बाहेर आला. सकाळपासून तो एकटाच झटत होता. जुने शॉकअप काढले, झिजलेले रबरी बुश ठोकून ठोकून बाहेर काढले, नवे बसवले. बोटांची सालटी निघाली होती. खरं तर गाडीची घाई कुणालाच नव्हती. पण वर बायको आपले कपडे बॅगांत भरत होती, आणि ते बघत उभं राहण्यापेक्षा गाडीखाली पडलेलं बरं.

ती दोन महिन्यांपूर्वी माहेरी गेली. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. हा कामावरून यायचा, जेवायचा, झोपायचा. भिंतींशी बोलून ती दमली. आज वडिलांना सोबत घेऊन उरलंसुरलं न्यायला आली होती. त्यानंतर यायचं काही कारणच राहणार नव्हतं.

सासऱ्यांची सगळी हयात गॅरेजमध्ये गेलेली. त्यांनी बाह्या सरसावल्या. "चाकं अधांतरी असताना बोल्ट कसले तर बुशचं रबर पिळून फाटतं, जावईबापू. गाडी खाली घ्या. रोजची माणसं आत बसली, की मग कसायचं."

चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर टेकली. जावई स्टिअरिंगमागे बसला. तेवढ्यात ती बॅगा घेऊन खाली आली.

"जरा बस गं ह्यांच्या शेजारी," सासरे म्हणाले. "तुझ्या वजनावाचून अडलंय."

तिने बॅगा जिन्यापाशी ठेवल्या आणि येऊन बसली. सासरे गाडीखाली शिरले. पान्याचा आवाज आला, थांबला, बऱ्याच वेळाने पुन्हा आला. जावयाला फार थकवा आला होता. कामाचा नव्हे, इतकी वर्षं गप्प बसण्याचा.

"तू गेल्यापासून घर खायला उठतं," तो शेवटी म्हणाला.

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. एवढं बोलूनच त्याला घाम फुटला.

"तुला उशीर होत असेल ना?" तो म्हणाला. "जा तू. वजनाला मी वाळूचं पोतं आणून ठेवतो."

ती जागची हलली नाही. खालच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज उतरवला.

"वजन लागतच नाही. चाकं टेकली की रिकामी गाडीसुद्धा पुरते. गॅरेजमध्येच वाढलेय मी."