हळदीचा टोप

मांडवामागे चुलाण्यावर मटणाचा टोप रटरटत होता आणि शत्रुघ्न अजून आला नव्हता, म्हणून पंगत खोळंबली होती. हळदीच्या जेवणाचा रस्सा त्याने चाखून मान हलवल्याशिवाय वाढायचा नाही, ही त्या घराची रीत.

तो आला तो ऐटीत, खाकरत. लग्न पुतण्याचं, कल्पेशचं. पण टोपापाशी मान त्याचा. या वेळी मसाल्याचं काम थोरल्या पुतण्याच्या बायकोने, रचनाने, स्वतः मागून घेतलं होतं. आचोळ्याच्या फ्लॅटात वाढलेली मुलगी एवढा टोप काय सांभाळणार, म्हणून बायका सकाळपासून टपून होत्या.

रचनाने पळीत रस्सा घेतला, फुंकर घालून निववला आणि हळूच म्हणाली, “काका, थोडाच घ्या हं. नुसता वास घेतलात तरी चालेल.”

शत्रुघ्नला ते झोंबलं. कालची पोर त्याला शिकवते! त्याने तळहाताची चांगली खोलगट वाटी केली आणि काठोकाठ भरून घेतली.

गेला महिनाभर त्याच्या जिभेला तिखट लागलं नव्हतं. सकाळी जिरं-बडीशेप उकळलेलं पाणी, जेवणाआधी ज्येष्ठमधाची चिमूट, चहा बंद, दिवेलागणीलाच मऊ खिचडी. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. कुणी विचारलं तर सांगायचा, ओल येते म्हणून लावल्यात. ओल एकाच बाजूने कशी येते, हे कुणी विचारलं नाही ते त्याचं नशीब. घशाशी आंबट येतं, छाती जळते, हे फक्त बायकोला, कमळीला ठाऊक. आणि गावाला सांगणार तरी कुठल्या तोंडाने? मागच्या एका हळदीला गावातल्याच श्रीपतने पोट बिघडलंय म्हणून रस्सा नको म्हटलं, तेव्हा यानेच भर पंगतीत ओरडून विचारलं होतं, “काय रं, बाळंतिनीचं जेवन देऊ का तुला?” अख्खा मांडव हसला होता.

रस्सा झकास होता. पण घोट घशाशी गेला आणि खालून जाळ वर आला. तो लगबगीने पाण्याच्या ड्रमामागे गेला, थुंकला, खळखळून चूळ भरली. वळून बघतो तर समोर श्रीपत.

“शत्रुघ्न, थुंकलास तू?”

श्रीपतचा आवाज मुळातच मोठा. बायकांच्या माना वळल्या. रचनाच्या हातातली पळी तशीच राहिली.

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही. पण समोर दुसरा कुणी नाही, श्रीपतच होता.

“थुंकू नको तर काय करू? नुसता जाळ केलाय,” शत्रुघ्न म्हणाला. “पोरीचा हात नाय बसला अजून.”

“मी सांगतच होते,” रचनाची सासू पुटपुटली आणि तिने कपाळाला हात लावला. रचनाने एकदाच शत्रुघ्नकडे पाहिलं. मग “चुकलं माझं, काका,” म्हणाली आणि बाजूच्या पातेल्यातलं गरम पाणी तांब्याने टोपात ओतू लागली. ते बघवेना, म्हणून तो मांडवाच्या कडेला खुर्चीत जाऊन बसला.

पंगत बसली.

“पानचट झालंय,” कुणीतरी म्हणालं.

“फ्लॅटवाली ती. अजून काय व्हनार!”

शत्रुघ्नला मान वर करवेना. एवढ्या हळदींचे मान घेतले, पण इतकं लहान त्याला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात रचना त्याच्यापुढे ताट घेऊन आली. वर केळीचं पान झाकलेलं.

“मुगाची खिचडी आहे आणि जिरं घातलेला दुधी. मिरची नाही. काकींनी सकाळीच सांगितलं होतं, म्हणून आधीच वेगळं करून ठेवलं.”

सकाळीच. म्हणजे पळी पुढे करताना तिला ठाऊक होतं. चुकलं माझं म्हणाली, तेव्हाही ठाऊक होतं.

“मग मगाशी बोललीस का नाय?” त्याने कसंबसं विचारलं.

“तुम्ही बोलला नाहीत ना.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. “वर पान आहे. इथेच कडेला जेवा, कुणाला दिसणार नाही.” आणि ती वाढायला निघून गेली.

ताट मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. पंगतीत पुन्हा कुणीतरी फ्लॅटवालीवर काहीतरी बोललं आणि चारजण हसले.

शत्रुघ्न उठला. पंगतीत शिरून श्रीपतच्या समोर मांडी घालून बसला आणि ताटावरचं पान काढून बाजूला ठेवलं.

“श्रीपत,” तो म्हणाला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, “हे बघ. बाळंतिनीचं जेवन.”