गुडघ्यांवर बसलेली शाळा

चर्चशेजारची साठ वर्षांची प्राथमिक शाळा जळून खाक झाली. पालक मुलांची नावं दुसरीकडे घालायला निघाले, तशा मुख्याध्यापिका सिस्टर फादरांकडे गेल्या. "चर्च द्या, वर्ग तिथं भरवते." फादर चपापले. "अहो सिस्टर, प्रार्थनेच्या जागी पाढ्यांचा गलका? लोक मला काय म्हणतील?" "शाळा बंद पडली तर मला काय म्हणतील?" सोमवारी सिस्टरांनी परवानगीशिवायच चर्चमधल्या बाकांवर मुलं बसवली. मांडीवर वही धरून कुणालाच लिहिता येईना. मुलं आपणहून खाली उतरली, बाकावर वही ठेवून गुडघ्यांवर बसली. फादर तणतणत आले ते दारातच थबकले. सगळं चर्च गुडघे टेकून, माना खाली घालून गणितं सोडवत होतं. "रविवारीसुद्धा इतकं मनापासून कुणी गुडघे टेकत नाही," ते पुटपुटले. सिस्टरांच्या जिवात जीव आला. फादरांनी बाह्या सरसावल्या. "दुसरीचा वर्ग मी घेतो."